ईसीजी पोहोचला, उत्तर कोण देणार?

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे सांगताना तालुक्याच्या आधी घाट येतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने केलेली ही वाटणी हृदयरुग्णाच्या नशिबातही उतरते. घाटाखाली कुणाच्या छातीत कळ आली की गाडी अकोल्याकडे नाहीतर जळगावकडे वळते. घाटावरची जालना किंवा छत्रपती संभाजीनगरकडे. २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८६ हजार लोकसंख्येचा हा जिल्हा, आणि हृदयाच्या मोठ्या उपचारांसाठी वर्षानुवर्षे जिल्ह्याबाहेरची वाट.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. त्यात बुलढाण्याचे नाव होते. साहजिकच लोकांच्या अपेक्षा वाढल्या. पण वैद्यकीय महाविद्यालय सुरू होणे म्हणजे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शरीररचनाशास्त्र शिकू लागणे. हृदयरोगाचा अतिविशेषोपचार विभाग, कॅथलॅब आणि चोवीस तास हजर राहणारा हृदयरोगतज्ज्ञ हे सगळे उभे राहायला काही वर्षे जातात. तोपर्यंत काय, या प्रश्नाला सध्या एक तयार उत्तर दिले जाते: डॉक्टर मोबाइलवर भेटतील, ईसीजी इंटरनेटने जाईल, घरातली यंत्रे रुग्णावर लक्ष ठेवतील. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते अर्धे आहे, आणि उरलेला अर्धा भाग यंत्रांच्या यादीत सापडत नाही.

मुळात 'हृदयरोगासाठी दूरवैद्यक' असे एकच काही नसते. त्यात दोन अगदी वेगळी कामे येतात. एक मिनिटांचे, दुसरे महिन्यांचे. पहिले हृदयविकाराच्या झटक्याचे, दुसरे हृदयाची ताकद कमी झालेल्या, झडप बदललेल्या किंवा रक्तदाबाच्या जुन्या रुग्णाचे. दोन्हींची गरज वेगळी आहे. शासकीय योजनांत आणि कंपन्यांच्या जाहिरातींत मात्र ही दोन्ही कामे एकाच टोपलीत टाकली जातात.

आधी मिनिटांचे. झटक्याच्या सर्वांत घातक प्रकारात, ज्याला डॉक्टर 'स्टेमी' म्हणतात, हृदयाची एक रक्तवाहिनी गाठीमुळे पूर्ण बंद होते. तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू दर मिनिटाला मरत जातो. बंद वाहिनी उघडण्याचे दोन मार्ग. कॅथलॅबमध्ये अँजिओप्लास्टी, किंवा शिरेतून गाठ विरघळवणारे इंजेक्शन. जगभर मान्य असलेला नियम सरळ आहे: ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होऊ शकणार असेल तर ती करावी, नसेल तर वेळ न घालवता आहे तिथेच इंजेक्शन द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या केंद्राकडे हलवावे. इंजेक्शनने काम झाले तरी पुढच्या २ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आता हा नियम बुलढाण्याच्या नकाशावर ठेवून पाहावा. खामगावहून अकोला साधारण ५० किलोमीटर. तिथला रुग्ण लगेच निघाला, रस्ता मोकळा मिळाला आणि पलीकडे कॅथलॅबची चमू तयार असली तर १२० मिनिटांचे गणित कदाचित जमेल. बुलढाणा शहरापासून अकोला शंभर किलोमीटरच्या घरात आहे आणि छत्रपती संभाजीनगर त्याहून दूर. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर तालुक्यातील आदिवासी वस्ती किंवा लोणारकडचे आडबाजूचे गाव घेतले तर गणित सुटतच नाही. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा भागातून जातो खरा. पण महामार्गाच्या फाट्यापर्यंत पोहोचायचा रस्ता तोच जुना. म्हणजे जिल्ह्यातल्या बहुसंख्य झटक्यांवर पहिला आणि निर्णायक उपचार तालुक्याच्या ठिकाणी, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातच व्हायला हवा.

इथे दूरवैद्यकाचे खरे काम सुरू होते, आणि ते वाटते त्यापेक्षा वेगळे आहे. ईसीजी काढणे अवघड नाही. तो पाठवणे तर त्याहून सोपे. विल्यम आइंथोव्हेन या डच शास्त्रज्ञाने १९०५ मध्येच लायडनच्या रुग्णालयातील रुग्णाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता. कारण मजेशीर होते: त्याचे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णाकडे नेणे शक्यच नव्हते. म्हणजे ईसीजी 'दूर पाठवणे' हे ईसीजीच्या जन्माबरोबरच आलेले आहे. सव्वाशे वर्षांनी ग्रामीण रुग्णालयातला ईसीजी व्हॉट्सअॅपवर दहा सेकंदांत जातो, यात नवल काहीच नाही.

अडते ते पुढे. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवर असतो एकटा वैद्यकीय अधिकारी, बहुतेक वेळा पंचविशीतला, नुकताच एमबीबीएस झालेला. समोर घामाने थबथबलेला रुग्ण, सोबत दहा-बारा नातेवाईक. गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनने शंभरातल्या एखाद्या रुग्णाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे त्या डॉक्टरला पुस्तकातून ठाऊक असते. इंजेक्शन दिले आणि रुग्ण दगावला तर 'सुई दिली आणि गेला' असे गाव म्हणणार. न देता 'पुढे घेऊन जा' अशी चिठ्ठी लिहिली आणि रुग्ण वाटेत गेला तर दोष रस्त्याचा, नशिबाचा. अशा वेळी कुणीही चिठ्ठीच लिहील. त्याच्या ज्ञानात काही कमी असते असे नाही. एकट्याने जबाबदारी घ्यायची असते, हीच अडचण. त्या क्षणी पलीकडून अनुभवी हृदयरोगतज्ज्ञाचा आवाज आला, 'हा स्टेमीच आहे, रक्तस्रावाचा इतिहास नाही ना? मग द्या, मी नोंद करतो,' तर इंजेक्शन दिले जाते. दूरवैद्यकाने तालुक्याला पुरवायची गोष्ट म्हणजे हा वाटून घेतलेला निर्णय. ईसीजीचे चित्र हे त्या निर्णयाकडे जाण्याचे साधन.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. तामिळनाडूत चार ठिकाणी मोठ्या केंद्रांभोवती लहान रुग्णालयांची साखळी बांधून, ईसीजीची देवाणघेवाण, आधी इंजेक्शन आणि नंतर रुग्णवाहिकेने स्थलांतर अशी रचना करून पाहण्यात आली. २,४२० रुग्णांचा तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रचना लागू झाल्यावर एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. विशेष म्हणजे त्यात नव्याने शोधलेले एकही औषध नव्हते. होती ती माणसांची नेमणूक, ठरलेला क्रम आणि शासकीय विमा योजनेची जोड. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये काही निवडक जिल्ह्यांत 'स्टेमी महाराष्ट्र' नावाने याच धर्तीचा प्रकल्प सुरू केला. राज्याकडे पायाभूत गोष्टी आहेत: २०१४ पासून धावणारी, डॉक्टर सोबत असलेली १०८ रुग्णवाहिका आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश. या तीन दोऱ्यांची गाठ प्रत्येक तालुक्यात बसली आहे का, हे पाहायला हवे. आणि ते पाहण्याची कसोटी एकच: महिन्याभरात तालुक्यातून किती ईसीजी पाठवले गेले हे न मोजता, त्यातल्या किती रुग्णांना तिथेच आणि किती मिनिटांत इंजेक्शन मिळाले हे मोजावे.

एक मर्यादा मात्र कबूल करायला हवी. भारतातील ८९ केंद्रांवरच्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची 'क्रिएट' नावाची मोठी नोंदणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम कालावधी ३६० मिनिटांचा निघाला. पोहोचल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंतचा ५० मिनिटांचा. या सहा तासांना कुठलेही यंत्र हात लावू शकत नाही. ते जातात 'पित्त झाले असेल' म्हणून सोडा पिण्यात, गावातल्या डॉक्टरची सुई घेण्यात, गाडी शोधण्यात, पैशांची जुळवाजुळव करण्यात. बाया तर छातीतल्या दुखण्याबद्दल सकाळपर्यंत बोलतच नाहीत. मधुमेही रुग्णाला कधी कधी दुखतही नाही. नुसता घाम येतो, दम लागतो, मळमळते. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचा इथे उपयोग नाही, हेही सांगून टाकलेले बरे. ते घड्याळ हृदयाच्या ठोक्यांची एक प्रकारची अनियमितता पकडू शकते, झटका ओळखत नाही. पुण्याच्या मुलाने बापाला घड्याळ दिले म्हणून छातीतली कळ 'घड्याळात तर नॉर्मल दाखवते' असे म्हणत अंगावर काढणे धोक्याचे आहे.

आता महिन्यांचे काम. झटका येऊन गेल्यावर, रक्तदाब वर्षानुवर्षे अंगावर काढल्यावर किंवा लहानपणच्या संधिवातिक तापाने झडपा खराब झाल्यावर हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होते. त्याला इंग्रजीत हार्ट फेल्युअर म्हणतात आणि गावात त्याचा अर्थ 'हृदय बंद पडले' असा घेतला जातो. तसे नसते. हृदय चालू असते, पण थकलेले. पायांवर सूज, झोपल्यावर दम, दोन उशा लागणे, रात्री उठून खिडकीशी बसणे ही त्याची भाषा. हा आजार किती गंभीर आहे याची कल्पना सर्वसामान्यांना नसते. केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ मध्ये या आजाराने दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. एका वर्षात त्यांतले सुमारे ३१ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे ४५ टक्के दगावले. आरोग्यसेवेत देशात पुढे असलेल्या केरळातला हा आकडा आहे. कित्येक कर्करोगांचे आकडे यापेक्षा बरे असतात.

या आजाराचे वैशिष्ट्य असे की तो एकदम बिघडत नाही. रुग्णालयात दाखल होण्याच्या आधी काही दिवस, कधी एक-दोन आठवडे, शरीरात पाणी साठू लागते आणि वजन वाढते. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ती चरबी नसते, पाणी असते. त्याच दिवशी लघवीच्या गोळीचा डोस वाढवला तर दाखल होणे टळू शकते. म्हणून घरच्या घरी वजन, रक्तदाब, नाडी मोजून ती माहिती दूरवर पाठवण्याची कल्पना याच आजारासाठी सर्वांत जास्त तपासली गेली. आणि निकाल उलटसुलट आले.

अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १,६५३ रुग्ण होते. निम्म्यांनी रोज एका स्वयंचलित टेलिफोन यंत्रणेला फोन करून वजन आणि लक्षणे सांगायची होती. सहा महिन्यांनी पाहिले तर पुन्हा दाखल होण्यात किंवा मृत्यूत काहीही फरक नव्हता: एका गटात ५२.३ टक्के, दुसऱ्यात ५१.५ टक्के. यंत्राच्या आवाजाशी बोलायला रुग्ण कंटाळले; सातांतल्या एकाने तर ती यंत्रणा एकदाही वापरली नाही. जर्मनीत २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात चित्र वेगळे दिसले. तिथेही दीड हजारांवर रुग्ण, तिथेही वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, ईसीजी. पण बर्लिनच्या शारिते रुग्णालयात चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका या माहितीवर बसलेल्या होत्या. कुणाचे वजन वाढले की त्या फोन करत, गोळी बदलत, गावच्या डॉक्टरला कळवत. काही बिघडले नसले तरी महिन्यातून एकदा चौकशीचा फोन जाई. त्या गटात मृत्यूचे वार्षिक प्रमाण शंभर रुग्णांमागे सुमारे ११ वरून ८ वर आले, आणि हा फायदा शहरी-ग्रामीण असा भेद न करता मिळाला. याच अभ्यासाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. वर्षभराने ही देखरेख थांबवल्यावर पुढच्या वर्षात फायदा उरला नाही. म्हणजे ही एकदा टोचायची लस नव्हे. रोजचे औषध आहे.

दोन्ही अभ्यासांत काटे तेच, रोगही तोच. पलीकडच्या टोकाला एका ठिकाणी ध्वनिमुद्रित आवाज होता, दुसऱ्या ठिकाणी परिचारिका.

हे लक्षात घेऊन आपल्या ई-संजीवनीकडे पाहायला हवे. २०१९ च्या अखेरीस उपकेंद्र ते डॉक्टर अशी सेवा आणि एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत थेट रुग्णांसाठीची ओपीडी सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात तिच्यावर दहा कोटी सल्ले दिले गेले. हा आकडा लहान नाही, आणि खोकला, ताप, त्वचारोगांसाठी खेड्यातल्या माणसाची एक खेप वाचली तरी तो मोठा लाभ आहे. पण तिची रचना मुळात एकेका भेटीसाठीची. आज पडद्यावर जो डॉक्टर दिसला तोच पुढच्या मंगळवारी दिसेल याची खात्री नाही. हृदयाची ताकद कमी झालेल्या रुग्णाला मागच्या आठवड्यातले वजन माहीत असलेला माणूस लागतो. ज्याला मागचे वजन ठाऊक नाही, त्याला आजचे ६२ किलो हा नुसता आकडा.

सातत्य शासकीय यंत्रणेला जमत नाही, असेही नाही. २०१७-१८ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत विदर्भातलेच भंडारा आणि वर्धा होते. ठरलेली तीन-चार औषधे, महिन्याभराची गोळी एकाच वेळी, रक्तदाबाची मोबाइल अॅपवर नोंद, आणि जो आला नाही त्याला फोन. एवढ्या साध्या गोष्टींनी तो उपक्रम उभा राहिला आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्कारापर्यंत गेला. त्यातला कळीचा भाग 'न आलेल्याला फोन' हाच. दवाखाना रुग्णाची वाट पाहत बसत नाही, रुग्णाला शोधतो. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन पथके राज्यात घरोघर फिरली, तेही एका अर्थाने दूरनिरीक्षणच होते. बोटाला यंत्र लावून आकडा वहीत लिहायला आशाताई त्याच वेळी शिकल्या. ज्याचा ऑक्सिजन कमी दिसे त्याला कुठे पाठवायचे हे ठरलेले होते, म्हणून त्या आकड्याला अर्थ होता.

बुलढाण्यात या कामाला एक स्थानिक पदर आहे, तो मुंबई-पुण्यात बसून आखलेल्या कार्यक्रमात सापडणार नाही. घाटाखालचा पूर्णा खोऱ्याचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांतल्या कित्येक गावांत विहिरीचे, बोअरचे पाणी खारे आहे. किडनीच्या विकारांच्या तक्रारी या पट्ट्यातून वर्षानुवर्षे येत आहेत. थकलेल्या हृदयाच्या रुग्णाला डॉक्टर 'मीठ कमी करा' सांगतात, लोणचे-पापड बंद होतात, आणि माणूस दिवसाला तीन लिटर खारे पाणी पीत राहतो. किडनी आधीच दुबळी असेल तर हृदयाच्या काही उत्तम गोळ्यांनी रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढू शकते. त्यामुळे या पट्ट्यात फक्त वजन आणि रक्तदाब दूरवरून पाहून भागणार नाही. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम यांची ठरावीक अंतराने तपासणी त्याच साखळीत हवी. 'तुमच्या घरी पिण्याचे पाणी कुठले?' हा प्रश्न पडद्यावरच्या डॉक्टरने विचारायला हवा, आणि तो त्याला सुचायचा तर त्याला हा जिल्हा ठाऊक हवा.

झडप बदललेल्या रुग्णांची गोष्ट त्याहून सोपी, तरी दुर्लक्षित. यांत त्रिशी-चाळिशीतल्या स्त्रिया पुष्कळ. कृत्रिम धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर, आणि तिचा परिणाम मोजणारी आयएनआर ही रक्ततपासणी दर महिन्याला. आकडा बहुधा दोन ते साडेतीनच्या दरम्यान, झडप कुठली यावर अवलंबून. तो खाली गेला तर झडपेत गाठ होते आणि अर्धांगवायूची भीती. वर गेला तर रक्तस्राव. ही तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये होते. डोस मात्र 'मोठ्या डॉक्टरलाच विचारा' म्हणून बाई एका कागदासाठी दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने दीडशे किलोमीटर जाऊन येते. दोन-तीन महिने जमते, मग सोयाबीनची सोंगणी येते, मग लेकीचे बाळंतपण, आणि तपासणी सुटते. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरला जुन्या रुग्णाचे औषध फोनवरून पुढे चालू ठेवण्याची आणि त्यात भर घालण्याची कायदेशीर मुभा स्पष्ट केलेली आहे. आयएनआरचा आकडा फोनवर कळवायचा, पलीकडून गोळी पाव-अर्धी कमी-जास्त सांगायची आणि पुढची तारीख द्यायची: दूरवैद्यकाचा इतका स्वस्त, इतका निर्विवाद उपयोग दुसरा क्वचितच असेल. याला ना अॅप लागते, ना ब्रॉडबँड. लागतो एक फोन नंबर, जो उचलला जातो.

फोनचीही एक गंमत आहे. रुग्णाच्या कागदावर लिहिलेला नंबर पुष्कळदा मुलाचा असतो आणि मुलगा पुण्यात किंवा सुरतेत कामाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता; म्हणजे उरलेल्यांना 'व्हिडिओ कॉल करा' हा सल्ला त्यांचा नवरा शेतातून येईपर्यंत निरुपयोगी. तिच्या बाबतीत फोन आशाताईचा असतो. आधीच साठ कामे असलेल्या आशाताईकडे हे एकसष्टावे मोबदल्याविना दिले तर वह्या भरल्या जातील, वजन होणार नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत झटक्यातून वाचलेल्या ८०६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी वर्षभर घरी पाठपुरावा केला तेव्हा गोळ्या घेण्यातले सातत्य ९२ वरून ९७ टक्क्यांवर गेले आणि रक्तदाबही उतरला. ते कार्यकर्ते त्याच कामासाठी नेमलेले होते, हे विसरता येत नाही.

मग जिल्ह्याने करायचे काय? नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ येण्याची वाट न पाहता तिथे चार-सहा परिचारिकांचा आणि मेडिसीन विभागातील एका डॉक्टरचा कक्ष उभा करणे, हे तुलनेने लहान काम आहे. जिल्ह्यात दाखल होऊन घरी गेलेले हृदय-थकव्याचे आणि झडपांचे रुग्ण त्यांच्या यादीवर असावेत. आठवड्याला एक फोन, आयएनआरची तारीख, गोळ्या संपल्या का ही विचारणा. लघवीची गोळी कुठवर वाढवायची याचा लेखी क्रम परिचारिकेच्या हाती असावा, म्हणजे तिला दर वेळी डॉक्टर शोधावा लागणार नाही. झटक्याच्या ईसीजीसाठी मात्र वेगळी, चोवीस तासांची सोय हवी आणि तिथे कोण बसणार हे दर महिन्याच्या ड्युटी तक्त्यावर नावानिशी लिहिलेले हवे. 'ग्रुपवर टाका, कुणीतरी बघेल' ही आजची पद्धत चांगल्या मनाच्या डॉक्टरांच्या जिवावर चालते. त्यांतला एक सुटीवर गेला की बंद पडते. शिवाय रुग्णाचे नाव असलेला ईसीजी दोनशे जणांच्या ग्रुपवर फिरणे हे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तरी थांबायला हवे.

खर्चाचा आक्षेप येईल. घरोघर महागडी यंत्रे देण्याच्या योजनेला तो लागू पडतो. परिचारिकांच्या पगाराला लावताना, अशा एका रुग्णाच्या वर्षातल्या दोन-तीन दाखल होण्यांचा आणि अतिदक्षता विभागातल्या दिवसांचा हिशेबही शेजारी मांडावा. औषधे आता तितकी महाग राहिलेली नाहीत. या आजारात आयुष्य वाढवणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीचे पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून तिची किंमत बरीच उतरली आहे. ती तालुक्याच्या औषध भांडारात नसेल, तर पडद्यावरच्या तज्ज्ञाने ती लिहून देऊन काय साधणार?

आणि वजनकाटा. ज्याच्याभोवती हे सगळे फिरते तो मोठ्या माणसाचे वजन करणारा काटा बहुतेक घरांत नाही. पण गावात आहे. पोषण अभियानात अंगणवाड्यांना बाळांच्या काट्याबरोबर आई आणि मुलासाठीचा काटाही देण्यात आला. अंगणवाडी घरापासून चार पावलांवर, सकाळी उघडते, आणि अंगणवाडीताई आकडा वाचून लिहू शकते. आठवड्यातून तीनदा सकाळी रुग्ण त्या काट्यावर उभा राहिला तर बर्लिनच्या रुग्णाइतके नाही, पण पुष्कळ काम होईल. अडचण अशी की काटा महिला व बालविकास विभागाचा आणि रुग्ण आरोग्य विभागाचा. त्यासाठी लागेल जिल्हा परिषदेचे एक पानी पत्र, आणि त्या काट्यावर आलेला आकडा कुणाला कळवायचा त्या माणसाचा फोन नंबर त्याच पत्रात.